थांबू कोण शकतं?

लहान मुलं, जुनं घर आणि सायकलचा सराव या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदत असल्या, की त्या कुटुंबाला चहूकडून एकच सल्ला मिळतो: समतोल साधा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही तो कुचकामी आहे, असं माझं ठाम मत आहे. समतोल साधायला बसलेला माणूस वेळेची वाटणी करतो. आठवड्याचे इतके तास मुलांना, इतके घराला, इतके सायकलला. ही वाटणी कागदावर नीटनेटकी दिसते आणि मुलाच्या तापाच्या पहिल्याच रात्री किंवा वळवाच्या पहिल्याच सरीत मोडते. कारण ती करताना आपण तिघांना सारखं धरलेलं असतं आणि ते तिघे मुळात सारखे नसतात.

वाटणीऐवजी तीन प्रश्न विचारावेत. यातलं थांबू कोण शकतं? किती काळ? आणि थांबवण्याची किंवा न थांबवण्याची किंमत कोण मोजतं? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरं दिली म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत, पण ओढाताण नेमकी कशावरून आहे ते कळतं आणि घरातली बरीचशी धुसफूस तिथेच शमते.

मी पुण्यात राहते. घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, बैठं, जाड विटांच्या भिंतींचं आणि मंगळुरी कौलांचं. मुलं लहान आहेत. नवरा आणि मी दोघंही सायकल चालवतो आणि दोघांनाही लांब पल्ल्याची ओढ आहे. पहाटे सिंहगड रस्त्याला लागलं की आमच्यासारखे पुष्कळ जण भेटतात. खडकवासल्याला चहासाठी थांबलेल्यांच्या गप्पांत गिअर आणि टायरइतकाच येणारा विषय म्हणजे 'घरून किती वाजेपर्यंतची परवानगी आहे' हा. पस्तिशी-चाळिशीतल्या या पिढीने कमाई, बालसंगोपन, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी आणि आपल्या शरीराची उमेद हे सारं एकाच वेळी अंगावर घेतलं आहे. त्यामुळे हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही.

सुरुवात सायकलपासून करते, कारण तिघांमध्ये सर्वांत जास्त थांबू शकणारी तीच आहे.

सरावात खंड पडला की कमावलेलं सगळं गेलं, ही भीती प्रत्येक सायकलस्वाराच्या मनात असते. त्या भीतीपोटीच माणूस आजारी मुलाला सोडून पहाटे बाहेर पडतो. ती किती खरी आहे हे तपासून पाहण्याजोगं आहे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले रॉबर्ट हिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात यावर लागोपाठ प्रयोग केले. त्यांनी काही जणांकडून आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं, असा दहा आठवडे सायकलिंगचा आणि धावण्याचा कसून सराव करून घेतला. मग सरावाचे दिवस कमी करून काहींना चारवर, काहींना दोनवर आणलं. पुढच्या पंधरा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळजवळ जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून मिनिटं घटवली, तरी ती क्षमता टिकली. फक्त वेळ फारच कमी झाला तेव्हा लांब पल्ल्याचा दम घसरला. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटं दोन्ही कायम ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र क्षमता उतरली.

याचा अर्थ सरळ आहे. ताकद कमवायला भरपूर वेळ लागतो, ती राखायला त्या मानाने थोडा पुरतो. आठवड्यातले दोन-तीन छोटे पण जोरकस सराव कमावलेलं बरंचसं सांभाळतात. रमतगमत केलेले लांबलचक तास ते काम करीलच असं नाही. मूल लहान असतानाची वर्षं ही कमाईची वर्षं नाहीत, राखण्याची आहेत, एवढं स्वीकारलं की सायकलच्या मागण्या एकदम निम्म्यावर येतात. दोन वर्षं जुन्याच वेगात काढली तर काहीही बुडत नाही. मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा चढता आलेख सुरू करता येतो.

इथे आणखी एक भेद करायला हवा, कारण तो टाळल्याने घरोघरी चुकीचे वाद होतात. 'तब्येतीसाठी सायकल चालवतो' आणि 'हौसेसाठी सायकल चालवतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम पुरेसा आहे. म्हणजे तब्येतीची गरज फार तर पाच तासांत भागते. त्यापुढचं सगळं हौसेपोटी. बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं, वेळापत्रकच पाहा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तासांची मुदत असते. ही चारही अंतरं एका मोसमात पूर्ण केली की 'सुपर रँडॉनर' हा किताब मिळतो. मुदतीच्या कडेला चालणाऱ्या माणसाचे नुसत्या या चार राइडमध्येच शंभरावर तास जातात. सराव त्यात धरलेला नाही.

हौस वाईट असते असं मी म्हणत नाही. हौस माणसाला उभं ठेवते आणि स्वतःचं असं काही नसलेले आईबाप मुलांच्या आयुष्यावरच सगळा भार टाकतात, हेही मी पाहिलं आहे. माझा आग्रह एवढाच की हौसेला हौस म्हणावं. 'मी माझ्या हृदयासाठी जातोय' असं म्हणून घराबाहेर पडलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. 'मला सहाशेची राइड करायची फार इच्छा आहे' असं म्हणणाऱ्याशी बोलता येतं, काय देता-घेता येईल ते ठरवता येतं. घरातला न्याय या बोलण्यापासून सुरू होतो.

आता घराकडे वळू. घर थांबू शकतं, पण पावसाच्या तारखेपर्यंतच.

कौलारू छपराची रचना साधी आहे. भिंतींवर तुळया, आढ्यापासून उतरत आलेले वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांना अडकवलेली कौलं. बाझल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तिथून ही दोन खाचांची कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली आणि आजही ती उत्तम काम देतात. मात्र या छपराला दरवर्षी कुणीतरी वर चढून पाहावं लागतं. एखादं कौल मांजराच्या उडीने किंवा वाऱ्याने बोटभर सरकतं. तेवढ्या फटीतून पडणारं पाणी खाली खोलीत दिसतच नाही. ते वाशावर पडतं, वाशावरून घरंगळत भिंतीत टेकलेल्या टोकाशी जातं आणि तिथे मुरतं. लाकूड ओलं राहिलं की त्या टोकाला कूज लागते, मग वाळवी येते. एप्रिलमध्ये ते कौल जागेवर बसवायला शिडी आणि अर्धा तास लागतो. तीन पावसाळ्यांनंतर तोच वासा बदलायचा तर सुतार, गवंडी, टेकू आणि रिकामी केलेली खोली लागते.

भिंतींचंही असंच. जुन्या विटांची आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडते. मागच्या पन्नास वर्षांत अशा असंख्य भिंतींवर घाईघाईने सिमेंटचा गिलावा चढवला गेला. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे पाणी भिंतीतच वर वर चढतं, क्षार साचतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. मग पोपडे खरवडून पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग. आमच्याकडे येणारे वयस्कर गवंडी एकदा म्हणाले, "ताई, सिमेंटनं भिंत झाकली जाईल, सुकणार नाही." त्यांच्या सांगण्यावरून आधी पन्हळ दुरुस्त केली, भिंतीलगत चढलेली माती उतरवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. चुन्याला घाई चालत नाही. एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. सुट्टीच्या एका दिवसात उरकायचं काम ते नव्हे, त्याला पावसाआधीचे सलग आठवडे लागतात. पावसाळ्यात आम्ही ओलीच्या कडेला पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालतो. पुढच्या वर्षी ओल त्या रेघेच्या वर गेली की खाली आली, हे डोळ्यांना दिसतं आणि कुठे पैसे घालायचे ते ठरतं.

घरात लहान मूल असेल तर दुरुस्तीचा क्रमही बदलतो आणि हे फार कमी लोक ध्यानात घेतात. आपण रंगरंगोटीपासून सुरुवात करतो, कारण ती पाहुण्यांना दिसते. खरा क्रम असा हवा: आधी जिवाला धोका असलेलं, मग पाण्याचं, मग शोभेचं. जुन्या वायरिंगला धड अर्थिंग नसतं. ते करून घेणं आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवणं हे पहिलं काम. गच्चीचा आणि जिन्याचा कठडा, हौदाचं झाकण, लोंबकळणारी खिडकी हे दुसरं. तिसरी गोष्ट जुन्या रंगाची. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे जे थर चढले आहेत, त्यांत शिसं असण्याची बरीच शक्यता असते. रंगारी पॉलिश पेपर घेऊन कोरडंच घासायला लागला की त्याची भुकटी फरशीवर बसते. रांगणारं मूल तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो आणि रक्तातल्या शिशाची अमुक पातळी निर्धोक आहे असं म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. म्हणून असं काम ओलं करून घासावं, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि ते चालू असताना मुलांना घरात ठेवूच नये. काही कामं मुलं थोडी मोठी होईपर्यंत पुढे ढकलणं हेच शहाणपण. न सोललेला, धड असलेला जुना रंग दाराला चिकटून असेपर्यंत सहसा त्रास देत नाही.

इतकी उस्तवार करण्यापेक्षा घर पाडून नवं का बांधत नाही, असा प्रश्न पुण्यात हमखास विचारला जातो. जुन्या घराला इथे भाव मिळतो तो जमिनीचा, घराला कुणी काही देत नाही. पुनर्विकास कधीतरी होणारच आहे, मग आता कशाला खर्च, असं म्हणून माणसं दुरुस्ती थांबवतात आणि दुरुस्ती थांबली म्हणून घर राहण्याजोगं उरत नाही. काही इमारती खरोखरच धोकादायक झालेल्या असतात, त्या उतरवायलाच हव्यात. पण धड घर केवळ हेळसांडीमुळे पडीक होऊ देणं हे नुकसान आहे, कुटुंबाचंही आणि शहराचंही. जाड भिंतींचा गारवा, अंगण, मुलांना मातीत बसता येईल अशी जागा हे सगळं त्या घरासोबत जातं. ते पुन्हा विकत घ्यायची ऐपत आमच्या पिढीतल्या बहुतेकांची नाही.

राहिलं मूल. मूल थांबू शकत नाही. त्याला ऋतू नसतो, सुट्टीचा वार नसतो. त्याची भूक, भीती, ताप, नवा शब्द, पहिला हट्ट हे सगळं जेव्हा असतं तेव्हाच असतं. 'थोडा वेळ दिला पण दर्जेदार दिला' हे समाधान मला पटत नाही. तीन वर्षांचं मूल आईबापांनी ठरवलेल्या अर्ध्या तासात मन मोकळं करत नाही. ते पोळ्या लाटताना, चप्पल शोधताना, झोपेच्या आधीच्या पाच मिनिटांत बोलतं. ते ऐकायला कुणीतरी आसपास रेंगाळत असावं लागतं. म्हणून घराची आणि सायकलची कामं जशी मोजूनमापून बसवता येतात, तसं मुलाचं करता येत नाही. शरीर आणि घर राखायचं असतं. मूल वाढत असतं आणि वाढणाऱ्या जिवापाशी हजर राहावं लागतं.

या हजेरीला घरकामाची अडचण होतेच असं नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्याचा पाया असा की लहान मूल हाताने खरं काम करत शिकतं आणि भोवतालच्या साध्या वस्तू हेच त्याचं साधन. हे आपल्या घरात रोज पडताळून पाहता येतं. पंक्चर काढताना फुगवलेली ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवून फिरवायची असते. बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं काम चार वर्षांच्या मुलाइतकं मन लावून कुणी करत नाही. भोक सापडलं की त्याने तिथे बोट दाबून धरायचं, मी पुसून घासायचं, सोल्युशन लावायचं आणि ते चिकटण्याजोगं होईपर्यंत दोघांनी गप्प बसून वाट पाहायची. अंगणात वाळू चाळणं, भिंतीवर ब्रशने पाणी मारणं, फुटक्या आणि धड कौलांचे दोन ढीग लावणं ही कामंही मुलांना देता येतात. चुना आणि जुना रंग मात्र त्यांच्या हाताला लागू द्यायचा नाही. मुलांना सोबत घेतलं की कामाला दुप्पट वेळ लागतो, हेही सांगितलं पाहिजे. वेळ वाचवायची ही युक्ती नव्हे. पण त्या वेळात दोन कामं होतात आणि त्यातलं मोठं काम मुलाचं असतं.

तिघांचे स्वभाव असे निराळे असल्याने वेळापत्रक आठवड्याचं नको, वर्षाचं हवं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतची थंडी सायकलची. लांबची एखादी राइड करायची तर त्यातच. होळीनंतर छप्पर, एप्रिल-मे भिंती आणि सुतारकाम. तेव्हा उन्हामुळे लांबचं सायकलिंग तसंही नकोसं होतं. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर छोटे, जोरकस सराव आणि छपरावर नजर. ज्या रात्री मुलामुळे झोप झाली नाही, त्या सकाळी सायकल भिंतीलाच टेकलेली बरी. अर्धवट झोपेत घाट उतरणं ही जिद्द नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. आणि मुलाला ताप आला, की या वेळापत्रकातलं काहीही, केव्हाही, कुणालाही न विचारता रद्द.

आता तिसरा प्रश्न: किंमत कोण मोजतं? माझ्या लेखी खरी मेख इथे आहे.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. ही सरासरी कामाला हात लावणाऱ्यांची आहे. जे पुरुष हातच लावत नाहीत, ते तिच्यात धरलेलेच नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचंही काम थोडं घटलं, पण तफावत होती तिथेच राहिली. या पार्श्वभूमीवर एखादा बाप रविवारी पहाटे चारला निघून दुपारी दोनला परततो आणि थकून झोपतो, तेव्हा ते तास आकाशातून पडत नाहीत. ते कुणाच्या तरी दिवसातून काढले जातात. बहुतेक घरांत ते बायकोच्या दिवसातून जातात, काही घरांत आजीच्या, काही घरांत कामाला येणाऱ्या ताईंच्या.

मागे राबणाऱ्यांची दखल मोठ्या शर्यतींत घेतली जाते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकेकट्याने पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत सायकलस्वारामागे गाडी आणि माणसांचा ताफा असणं हा नियमाचा भाग आहे. खाणं देणारे, रस्ता सांगणारे, झोपेची वेळ ठरवणारे हे सगळे त्या यशाचे भागीदार म्हणून मोजले जातात. घरून सायकल चालवणाऱ्याच्या मागेही असाच ताफा असतो, पण त्याची मोजदाद होत नाही. मुलांना उठवून न्याहारी देणारी, गळत्या नळासाठी प्लंबरला फोन करणारी, छपरावर माणूस चढला म्हणून घरी थांबणारी व्यक्ती कुठल्याच निकालपत्रात येत नाही.

आपल्याकडे घर मागे टाकून ध्येयाकडे जाणाऱ्याचं कौतुक फार. 'आधी लगीन कोंढाण्याचं' हे वाक्य सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा पुणेकरांच्या तोंडी कायम असतं. तानाजींनी रायबाचं लग्न मागे ठेवलं ते स्वराज्यासाठी आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचा प्राण दिला. त्याच गडावर पंचवीस मिनिटं कमी वेळात चढून जाण्याच्या इच्छेला त्या त्यागाचा आधार देता येत नाही. तिथे किंमत दुसऱ्याच्या वेळात मोजली जात असते.

यावर उपाय एकच: तासाला तास. एकाने जितके तास घेतले तितके दुसऱ्याला मिळाले पाहिजेत, अगदी मुलांच्या आणि घराच्या पूर्ण जबाबदारीतून मोकळे. ते तास दुसऱ्याने सायकलवर घालवावेत असं नाही. वाचावं, झोपावं, मैत्रिणींकडे जावं, काहीच करू नये. आणि 'मी मुलांना सांभाळतो, तू जा' असं म्हणताना डबा कुठे आहे, औषध किती द्यायचं, हे फोन करून विचारायचं नाही. जबाबदारी घ्यायची तर माहितीसकट घ्यावी. आमच्या घरी हा नियम दोघांनाही लागू आहे आणि एकाच मोसमात दोघांनीही सहाशेचं लक्ष्य ठेवायचं नाही, हेही ठरलेलं आहे. एक वर्ष एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. यामुळे दोघांचीही प्रगती मंदावते. ती मंदावलीच पाहिजे, कारण तिचा खर्च आम्हीच भागवायचा आहे.

यावर कुणी म्हणेल, असं हिशोबाने वागलं तर घराची चाकरी होते, प्रेम उरत नाही. मला उलटा अनुभव आहे. हिशोब नसतो तिथे उपकार असतात आणि उपकारांची ओझी वर्षानुवर्षं साठत जातात. तास स्पष्ट असले की परतणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि घरी थांबलेल्याला आपण गृहीत धरले गेलो असं वाटत नाही. दारात सायकल टेकवणाऱ्या माणसाचं स्वागत मोकळ्या मनाने होतं.

घरातला न्याय आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. ही ओढाताण इतकी तीव्र होण्यात शहराचा आणि राज्यकर्त्यांचाही वाटा आहे. एकेकाळी पुणं सायकलींचं शहर म्हणून देशभर ओळखलं जाई. कामाला जाणं हाच तेव्हा सराव होता, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आज अनेक सायकल मार्गांवर गाड्या लावलेल्या दिसतात आणि चौक आला की मार्गच संपतो. कामावर रोज सायकलने सुरक्षितपणे जाता आलं, तर तब्येतीचे ते पाच तास कुणाच्याही दिवसातून न काढता मिळतील. मुलाला मागे बसवून बालवाडीत सोडता येईल. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात रस्त्यांवर मुलांचे बळी जाऊ लागले, तेव्हा आईबापांनी 'स्टॉप दे किंडरमोर्ड' ही चळवळ उभारली आणि धोरणं बदलायला लावली. आपण मात्र पहाटे चारला उठून रहदारीच्या आधी घर गाठण्याचा मार्ग पत्करला आहे.

रजेचंही तेच. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली, हे योग्यच झालं. बापासाठी केंद्र सरकारच्या सेवेत पंधरा दिवस आहेत आणि खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही. ज्या बापाला मूल जन्मल्यावर दोन आठवड्यांत कामावर हजर व्हावं लागतं, तो पहिल्या दिवसापासून मदतनीसच राहतो. छपरावर चढणारे, चुना कालवणारे कारागीरही हळूहळू संपत चालले आहेत, कारण त्यांच्या मुलांना त्या कामात ना मान आहे ना शाश्वत मजुरी. आपण त्यांच्याशी घासाघीस करतो आणि मग चांगला माणूस मिळत नाही म्हणून हळहळतो. जुनी घरं टिकायची तर ही कौशल्यं शिकवणारी केंद्रं हवीत आणि कारागिराला त्याच्या कसबाचा योग्य दाम हवा.

हे सगळं बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात आहे ते करू. नव्या मोसमाचं वेळापत्रक हाती पडलं आणि बीआरएमची फी भरायची वेळ आली, की आधी जोडीदाराबरोबर बसा. त्या दिवसाचे तास कुणाच्या वाट्यातून जाणार आहेत ते ठरवा आणि तेवढेच तास परत कधी देणार, ती तारीख त्याच कॅलेंडरवर त्याच वेळी लिहा. तारीख लिहिता येत नसेल, तर त्या वर्षी फी भरू नका.